साठच्या स्पीडची गाडी पळवणार कुठे?



सध्या आपल्या होस्टेलमध्ये तीनच विषय चालू आहेत. एक, एम-थ्रीची एटीकेटी. दोन, मेसमधली वांग्याची भाजी. आणि तीन, क्लबसाठी कोणती फोर-व्हील-ड्राइव्ह बग्गी घ्यायची? पहिल्या दोन विषयांवर लिहून काहीही फरक पडत नाही हे सिनिअर्सनी मागच्या अंकांमधून सिद्ध केलेच आहे. म्हणून मी तिसरा घेतो.

स्टाफरूममध्ये हा अंक चाळणाऱ्या सर-मॅडमसाठी आधी थोडी माहिती. रिमोटवर पळणारी बग्गी म्हणजे जत्रेतली गाडी नव्हे. हिला खरा डिफरन्शियल असतो, तेल भरलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतात, स्टिअरिंगला सर्व्हो असतो, आणि चारही चाकांना ताकद पोचवायला शाफ्ट किंवा बेल्ट असतो. खऱ्या गाडीच्या एक दशांश, एक अष्टमांश अशा मापात ती येते. तिच्या शर्यती होतात, जागतिक अजिंक्यपदसुद्धा असते. आणि टेकफेस्टमध्ये अशा गाड्या धावताना बघून आपली पोरे वेडी होऊन परत येतात, ते वेगळेच.

तर यंदा आपल्या होस्टेलच्या पोरांनी दिवाळीच्या सुट्टीतले मेसचे रिबेट परत न घेता क्लबला दिले. हे वाक्य लिहायला सोपे आहे, पण ज्याच्या घरी यंदा कापसाला भाव मिळाला नाही त्यानेही ते दिले आहे. म्हणून गाडी कुठली घ्यायची हा प्रश्न मला दिसतो तेवढा गमतीचा वाटत नाही. पैसे एकदाच आहेत.

होस्टेलमध्ये तीन पक्ष पडले आहेत. पहिला पक्ष ‘साठवाले’. यांना डब्ल्यूएलटॉइजची १४४००१ हवी. एक चौदांश मापाची, तयार, बॉक्समधून काढली की पळणारी, शाफ्टवर चारही चाके फिरवणारी. ५५० साइजची मोटर, ७.४ व्होल्टची १५०० एमएएचची बॅटरी, खाली धातूची चॅसी, आणि कंपनीचा दावा ताशी ६० किलोमीटरचा. दुसरा पक्ष ‘टामिया पार्टी’. यांना टीटी-०२बी हवी. एक दशांश मापाची, पण सुट्या भागांत येणारी. जोडायची आपणच. तिसरा पक्ष लहान आहे पण आवाज मोठा. त्यांना एक अष्टमांश मापाची, नायट्रो इंजिनवाली, सेकंडहँड बग्गी हवी. ‘क्योशो इन्फर्नो’ हे नाव ते ज्या भक्तिभावाने घेतात तेवढ्या भक्तिभावाने त्यांनी थर्मोडायनॅमिक्सचे पुस्तक उघडले असते तर बरे झाले असते. (हलकेच घ्या!)

तिसऱ्या पक्षाचा निकाल आधी लावून टाकतो, कारण तो सोपा आहे. मोठ्या गाडीत तीन डिफरन्शियल असतात, पुढे, मागे आणि मध्ये एक. मधल्यामुळे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद कशी वाटायची हे सिलिकॉन तेलाचा घट्टपणा बदलून ठरवता येते. शिकण्यासारखे भरपूर आहे, मान्य. पण इंजिन ३.५ सीसीचे, त्याला मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण लागते, ते काही मंठा रोडच्या पंपावर मिळत नाही. आणि ते होस्टेलच्या खोलीत ठेवायला रेक्टर सर परवानगी देतील असे ज्याला वाटते त्याने आधी इमर्शन रॉडची परवानगी काढून दाखवावी. शिवाय जुन्या नायट्रो इंजिनात पिस्टन आणि लायनर यांच्यातला घट्टपणा किती उरलाय हे फोटोवरून कळत नाही. सेकंडहँड इंजिन फोटो बघून घेणे म्हणजे बैल बाजारात न जाता फोनवर बैल घेणे. विषय संपला.

खरी लढाई पहिल्या दोन पक्षांत आहे. आणि इथे ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा होतो तो मुद्दा म्हणजे स्पीड. ‘साठ! साठ रे साठ!’ मीटिंगमध्ये हा आकडा इतक्या वेळा ऐकला की शेवटी मी वहीच काढली. मेकॅनिकलची पोरे आहोत, निदान एफ.ई.चे फिजिक्स तरी वापरू.

आपण गाडी पळवणार कुठे? समृद्धी महामार्गावर नाही. व्हॉलीबॉल ग्राउंडवर. कोर्ट १८ बाय ९ मीटरचे, कडेची मोकळी जागा धरून सरळ पट्टा मिळतो साधारण २४ मीटरचा. दोन्ही टोकांना वळण. आता टायर आणि सुका मुरूम यांच्यातले घर्षण ०.६ धरू. वळणाची त्रिज्या २ मीटर धरली तर वळणात गाडी जास्तीत जास्त ३.४ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १२ किलोमीटरने जाऊ शकते. त्याहून जास्त गेली की घसरली. या वेगाने वळणातून बाहेर पडायचे, अर्धा पट्टा म्हणजे १२ मीटर पूर्ण थ्रॉटल, उरलेले १२ मीटर पूर्ण ब्रेक. चारही चाकांना ताकद असेल तर घर्षण जास्तीत जास्त ५.९ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढे त्वरण देते. सूत्र सगळ्यांना पाठ आहे. उत्तर येते १२.४ मीटर प्रति सेकंद. म्हणजे ताशी साधारण ४५.

लक्षात घ्या, यात मोटरचा कुठेही उल्लेख नाही! मोटर कितीही मोठी लावा, रॉकेट लावा, तरी आपल्या ग्राउंडवर गाडी पट्ट्याच्या मध्यावर पंचेचाळीसच्या वर जाऊन परत वळणासाठी थांबू शकत नाही. कारण टायर जमिनीला जेवढे धरतो तेवढेच गाडी पळते. त्यातही हा हिशोब परफेक्ट ड्रायव्हरचा आहे. आपले ड्रायव्हर कसे आहेत हे ज्यांच्या नडगीला मागच्या वर्षीचा रोबो लागला त्यांना विचारा.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह का. फक्त मागची दोन चाके ओढत असतील तर त्यांच्यावरच्या वजनाएवढेच घर्षण कामाला येते, पुढच्या चाकांवरचे वजन फुकट जाते. ब्रेक मारताना तर अजून वाईट, कारण वजन पुढे सरकते आणि ब्रेक मागे असतो. सुक्या मुरमावर मागच्या चाकांची गाडी नवशिक्याच्या हातात गोल गोल फिरत राहते. त्यामुळे चारही चाकांची गाडी घ्यायची यावर तिन्ही पक्षांचे एकमत आहे ते बरोबरच आहे.

आता साठवाल्यांना एवढे ऐकवल्यावर टामिया पार्टीलाही सोडत नाही. टीटी-०२बी चा हिशोब करू. आतल्या गिअरचा रेशो २.६. त्यावर ७० दातांचा स्पर आणि १७ दातांचे पिनियन लावले तर एकूण रेशो १०.७. साधी चंदेरी डब्याची ५४० मोटर रिकामी फिरली तर मिनिटाला अंदाजे १५,००० फेरे धरू. चाक ८५ मिलिमीटरचे. गुणाकार-भागाकार करा, ताशी २२ किलोमीटर! पंचेचाळीस सोडा, त्याच्या निम्मेसुद्धा नाही. म्हणजे बॉक्समधून काढलेली साठवाल्यांची गाडी आणि नुकतीच जोडलेली टामिया यांची आज संध्याकाळी शर्यत लावली तर टामिया हरणार. टामिया पार्टीने हे उगाच नाकारू नये. परवा एकाने ‘पण आपली गाडी जपानी आहे’ असे उत्तर दिले, त्याला काय म्हणायचे!

पण तोच हिशोब पुढे न्या. ५४० हे मोटरचे माप ठरलेले आहे, त्या जागेवर त्याच मापाची ब्रशलेस मोटर आणि तिला चालणारा ई.एस.सी. बसतो. ३००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर २२,२०० फेरे देते. त्याच पिनियनवर गाडी ताशी ३३ ला जाते. पिनियन २२ दातांचे लावले तर रेशो ८.२७ होतो आणि वेग ४३. हे सगळे रिकाम्या मोटरचे आकडे, प्रत्यक्षात कमी येतील आणि मोठ्या पिनियनने मोटर तापेलही. पण बघा ना, आपल्या ग्राउंडची हद्द ४५ आणि ही गाडी ४३ पर्यंत, तेही एक-एक पायरी चढत. आधी २२ वर चालवायला शिका, मग ३३, मग ४३. प्रत्येक पायरीला कोणीतरी पिनियन बदलणार, जाळी नीट बसली का बघणार, मोटरला बोट लावून ‘आई गं’ करणार. याला मी शिकणे म्हणतो.

कोणी म्हणेल की ड्राइव्ह कसली हे जास्त महत्त्वाचे. इलेक्ट्रिकलच्या एका मित्राने तर बेल्टवाली गाडीच सर्वात भारी असा निकाल देऊन टाकला आहे. इतिहास बघितला तर असे दिसते की यावर जगातही भांडणे झाली आणि प्रत्येकाला दिवस आला. १९८५ मध्ये अमेरिकेत डेल मारला एक दशांश ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिथे फोर-व्हील गटात योकोमोची गाडी जिंकली. त्याच वर्षी टामियाने आपली पहिली फोर-व्हील बग्गी ‘हॉटशॉट’ शाफ्टवर काढली आणि क्योशोने ‘ऑप्टिमा’ चक्क चेनवर, सायकलसारखी. दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, इंग्लंडमध्ये रोम्सी इथे मासामी हिरोसाका नावाचा पोरगा शूमाखरच्या ‘कॅट’वर जिंकला, आणि ती बेल्टवाली. हा हिरोसाका पुढे एकूण १४ वेळा जगज्जेता झाला, पण १९८७ मध्ये तो आपल्या एफ.ई.च्या पोरांपेक्षाही लहान होता! म्हणजे चेन, बेल्ट, शाफ्ट, सगळ्यांच्या मागे मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या. बेल्ट हलका, आवाज कमी, ताकद कमी वाया जाते. शाफ्ट कडक, बंद डब्यात बसतो. कागदावर वाद रात्रभर चालेल.

आपण मात्र कागदावर नाही, जालन्यात राहतो. आणि माझ्या मते इथेच अर्धा निर्णय होतो.

आपल्याकडची काळी माती सिव्हिलवाल्यांना विचारा. पाणी लागले की फुगते, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की चप्पल दोन किलोची होते, तिथे ८५ मिलिमीटरच्या चाकाचे काय होणार? चाक फिरेल पण गाडी हलणार नाही, आणि चिखल आर्मच्या आत जाऊन वाळला की वीट. म्हणून पावसाळ्यात गाडी मुरमावरच. मुरमाचा त्रास वेगळा. बारीक खडा उघड्या बेल्टमध्ये किंवा उघड्या स्परमध्ये अडकला की दात गेले. उन्हाळ्यात पीठासारखी धूळ उडते, ती बेअरिंगमध्ये जाते. आणि एक गोष्ट जी कुठल्याच परदेशी माहितीपत्रकात सापडणार नाही, ती म्हणजे कापूस! ग्राउंडच्या पलीकडे पऱ्हाटीचे शेत आहे. वेचणीच्या दिवसांत वाऱ्याने येणारे तंतू चाकाच्या अ‍ॅक्सलला गुंडाळतात आणि बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. मागच्या वर्षीच्या रोबोच्या चाकातून मी चिमट्याने जेवढा कापूस काढला तेवढ्यात एक वात सहज झाली असती.

म्हणून इथे गाडी हवी ती बंद गिअरबॉक्सची, जिचा शाफ्ट झाकलेला आहे, आणि जी दर रविवारी पूर्ण उघडून, ब्रशने साफ करून परत जोडता येते. टीटी-०२बी ही मुळात रस्त्यावर पळणाऱ्या गाडीची टबसारखी चॅसी, तिलाच लांब सस्पेन्शन लावून बग्गी केली आहे. त्यामुळे उंच उडीच्या ट्रॅकवर ती खऱ्या रेसिंग बग्गीसमोर टिकणार नाही, अ‍ॅडजस्टमेंटही कमी आहेत. पण तीच टबसारखी चॅसी धुळीसाठी बरी. खऱ्या रेसिंग बग्ग्या, म्हणजे असोसिएटेडची बी७४ वगैरे, त्या आपल्या रिबेटमध्ये बसतच नाहीत, तेव्हा त्यांचे फोटो खोलीत लावून समाधान मानावे.

सुट्या भागांचा मुद्दा यालाच जोडून. परदेशातून येणाऱ्या खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ मध्ये ७०. शिवाय २०२१ पासून बीआयएसचे प्रमाणपत्र सक्तीचे. देशात खेळणी बनावीत म्हणून हे केले, त्यावर माझे भांडण नाही. पण त्याचा परिणाम असा की परदेशातून परस्पर काही मागवायचे म्हटले की किंमत आणि वाट बघणे दोन्ही वाढते. मी स्वतः एका विक्रेत्याकडून वीस रुपयांच्या लायकीचा एक प्लास्टिकचा कप मागवला होता, तो येईपर्यंत आमचे एक सबमिशन होऊन गेले, आणि आला तो डाव्याऐवजी उजवा.

म्हणून नियम असा असावा की जो भाग मोडण्याची शक्यता जास्त, तो एकतर आधीच दोन नग घेऊन ठेवायचा किंवा तो जालन्यात बनला पाहिजे. आपले गाव कशासाठी प्रसिद्ध आहे? बियाण्यांसाठी, मोसंबीसाठी आणि स्टीलसाठी. एमआयडीसीत लेथ चालवणारे असे लोक आहेत की आपल्या वर्कशॉपच्या जॉबला ते हसतील. सस्पेन्शनच्या आर्ममधली ३ मिलिमीटरची पिन वाकली तर ती आपल्याच वर्कशॉपमध्ये सिल्व्हर स्टीलच्या सळईतून पाच मिनिटांत कापून मिळते. ५ बाय ११ बाय ४ ची बेअरिंग हे ठरलेले माप आहे, टामियाची नाही तर दुसऱ्या कुणाचीही चालते. चाक १२ मिलिमीटरच्या षटकोनी हबवर बसते, तेही सर्वमान्य. फक्त पिनियन घेताना डोळे उघडे ठेवा. टामियाचे ०.६ मोड्यूलचे आणि बाकी बऱ्याच रेसिंग गाड्यांचे ४८ डीपीचे, म्हणजे ०.५३ मोड्यूल. दिसायला सारखेच, लावले की दोन लॅपमध्ये स्परचा भुगा. मशीन डिझाइनच्या सरांनी हे उदाहरण शिकवायला घ्यावे अशी नम्र विनंती.

तयार स्वस्त गाड्यांमध्ये बऱ्याचदा रिसिव्हर आणि ई.एस.सी. एकाच पट्टीवर असतात. एक गेला की दोन्ही बदला. किटमध्ये सगळे वेगळे असते. हे किटच्या बाजूने झाले, पण साठवाल्यांनी एक मुद्दा योग्य काढला आहे की त्यामुळेच किटची छापील किंमत फसवी. रिमोट, रिसिव्हर, सर्व्हो, बॅटरी, चार्जर याचा खर्च वेगळा धरावा लागतो. मी बेरीज केली आहे. किट घेतले तर एकच गाडी होते आणि हातात थोडेच उरतात. साठवाल्यांच्या गाड्या तेवढ्यात दोन येतात. हा त्यांचा सर्वात भारी मुद्दा आहे आणि मजेची गोष्ट म्हणजे मीटिंगमध्ये तो त्यांनी मांडलाच नाही, साठ-साठ ओरडत बसले! दोन सारख्या गाड्या असत्या तर दोघांना एकमेकांविरुद्ध सराव करता आला असता, आणि एकट्याने घड्याळ लावून पळवण्यापेक्षा शेजारून कोणी घासून जात असताना पळवणे फार वेगळे असते.

त्यांचा दुसरा मुद्दा, जो मांडला, तो म्हणजे वेळ. तयार गाडी आज आली की उद्यापासून सराव. पटतो. शर्यत शेवटी हात जिंकतो, गाडी नाही. पण किट जोडायला लागते किती? सूचनापुस्तिका बघून, न घाई करता, दोन रविवार. एवढाच फरक आहे. दोन रविवार आपण तसेही गादीवर लोळूनच घालवतो.

आणि आता खरा मुद्दा. इतका वेळ तो मागे ठेवला कारण आधी लिहिला असता तर लोक म्हणाले असते हा भाषण देतोय.

आपल्या क्लबमध्ये आजपर्यंत जे जे आले त्याला हात कोणी लावला? तिघांनी, फार तर चौघांनी. बाकीचे कडेने उभे राहून टाळ्या वाजवतात. फेस्ट झाला की ती वस्तू काचेच्या कपाटात जाते आणि नॅकची टीम आली की बाहेर येते. परवा एफ.ई.चा एक मुलगा, घनसावंगीकडचा, मीटिंगला मागे उभा होता. त्याला विचारले तुला गाड्यांचे काही कळते का? तो म्हणाला, “दादा, मला ह्यातलं काही कळत नाही, मी फक्त विहिरीवरची मोटर खोलतो.” मी बघतच राहिलो. विहिरीवरचा पंप खोलून, बेअरिंग काढून, शाफ्ट सरळ करून परत बसवणारा पोरगा, आणि तो म्हणतो मला काही कळत नाही! आणि आम्ही टी.ई.वाले, ज्यांनी डिफरन्शियल फक्त जर्नलमध्ये काढलाय, तोही सिनिअरच्या जर्नलवरून, आम्ही गाडी कुठली घ्यायची ते ठरवतोय.

तयार गाडी आली की ती ‘चालवायची’ वस्तू होते. मग ती कोण चालवणार यावर भांडण, आणि भांडणात नेहमी बी.ई.वाले जिंकतात. किट आले की ती ‘जोडायची’ वस्तू होते. चार शॉक भरायचे आहेत, चार जणांना काम. दोन डिफरन्शियल बांधायचे आहेत, आणखी दोघे. कोणी सोल्डर करेल, कोणी बॉडी रंगवेल (कॉम्प्युटरच्या मुलींनी याची जबाबदारी आधीच मागून घेतली आहे, आणि त्यांना फक्त रंगकामच देऊ नये अशी त्यांची रास्त अट आहे). मोडली तर जोडणाऱ्याला माहीत असते कुठला स्क्रू कुठे गेला. तयार गाडीत पहिल्यांदा काही मोडते तेव्हाच आपण ती पहिल्यांदा उघडतो, आणि ते बहुधा शर्यतीच्या आदल्या रात्री असते.

किटलाही तेच तिघे-चौघे चिकटून बसू शकतात, हे कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणतो. म्हणून माझे मत टामिया पार्टीला आहे, पण अटीवर. जोडणी वर्कशॉपमध्ये, दार उघडे ठेवून, दोन रविवार. प्रत्येक टेबलावर एफ.ई. किंवा एस.ई.चा निदान एक जण, आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात. बी.ई.वाल्यांनी सूचनापुस्तिका वाचून दाखवायची, बस्स. अट मान्य नसेल तर सरळ दोन तयार गाड्या घ्या, माझा विरोध नाही. निदान दोघांना तरी एकाच वेळी खेळता येईल.

रेक्टर सरांसाठी दोन ओळी. बॅटरीची काळजी रास्त आहे. लिथियम पॉलिमरचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही, साधारण ३.२ च्या खाली उतरवायचा नाही, आणि वापरणार नसू तर ३.८ वर ठेवायचा. २००० एमएएचच्या बॅटरीला २ अँपिअरच्या वर चार्ज लावायचा नाही. फुगलेली बॅटरी ‘अजून चालतेय की’ म्हणून वापरायची नाही. चार्जिंग खोलीत अजिबात नको. इलेक्ट्रिकल लॅबमध्ये, बॅलन्स चार्जरवर, कोणीतरी समोर बसून. पहिले सहा महिने निकेल मेटल हायड्राइडचा ७.२ व्होल्टचा पॅक वापरला तरी चालेल, २२ च्या स्पीडला तो पुरतो आणि तेवढी काळजीही लागत नाही. मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत तर दुपारी गाडी बाहेर काढूच नये. मोटर, ई.एस.सी. आणि ड्रायव्हर, तिन्ही तापतात.

रिमोट २.४ गिगाहर्ट्झचाच घ्या. भारतात हा पट्टा २००५ पासून लायसन्सशिवाय वापरता येतो. जुना २७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टलवाला कोणी स्वस्तात देत असेल तर नको. दोन गाड्यांचे क्रिस्टल एकच निघाले की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळते, आणि मग ग्राउंडवर जे होते त्याला महाभारत म्हणतात.

आणि ज्या फेस्टला जायचे आहे त्याचे नियम पैसे भरायच्या आधी वाचा. काही ठिकाणी तयार चॅसी चालत नाही, काही ठिकाणी फक्त इंजिनवाली चालते, काही ठिकाणी मापाची अट असते. आपण गाडी घेऊन देवगिरीने रात्रभर बसून जायचे आणि तिथे गेटवर टेप लावून बाहेर काढायचे, हे परवडणारे नाही.

मीटिंग येत्या रविवारी मेसमध्ये, नाश्ता झाल्यावर. घनसावंगीवाल्याला मी पुढच्या बाकावर जागा धरून ठेवतो. साठवाल्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन यावे.